दुसऱ्याच्या बापाचा धंदा

दहावीसाठी, आणि हल्ली तर सातवी-आठवीसाठीसुद्धा, शाळाशाळांतून एक समारंभ होऊ लागला आहे. त्याचे नाव 'करिअर मार्गदर्शन'. सतरंज्या अंथरल्या जातात, पडदा लावला जातो, जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे येतात. हे पाहुणे बहुधा एखाद्या क्लासचे चालक असतात, नाहीतर चालकांनी पाठवलेले असतात. पालकांना मागच्या खुर्च्या. पाहुणे सांगतात की जगात संधी अनंत आहेत, आणि मग त्या अनंतातून दोन काढून दाखवतात: डॉक्टर आणि इंजिनिअर. अलीकडे तिसरी वाढली आहे, ती स्पर्धा परीक्षांची. शेवटी एक छापील कागद वाटतात. त्यावर मुलाचे नाव, पालकाचा फोन नंबर आणि 'तुझे स्वप्न काय?' असा एक रकाना. मग शाल, श्रीफळ, आभार. पालक कागद भरून देतात आणि पुढे महिनाभर त्यांचा फोन वाजत राहतो.

याला मार्गदर्शन म्हणायचे असेल तर जत्रेतल्या पाळण्यात बसण्यालाही प्रवास म्हणायला हरकत नाही.

पाहुण्यांवर माझा राग नाही. ते आपला धंदा करतात आणि चोख करतात. माझे भांडण आहे ते आम्हा मास्तरांशी आणि पालकांशी. माझे म्हणणे असे, की बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पोटापाण्याच्या उद्योगांची ओळख करून देणे हे पाहुण्यांचे काम नव्हे, पालकांचे आहे. पण ते त्याच्या स्वतःच्या पालकांचे नव्हे, वर्गातल्या इतर मुलांच्या पालकांचे आहे. प्रत्येक मुलाने दुसऱ्याच्या बापाचा धंदा पाहावा. (बाप म्हणताना मी आई धरली आहे. 'पालक' म्हणून सही आईने करायची आणि रकान्यात नाव बापाचे लिहायचे, हे आपण इतकी वर्षे चालवून घेतलेच आहे. तेवढे माझेही चालवून घ्यावे.)

या दोन संधींचा हिशेब काय आहे तो एकदा पाहून टाकू. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला देशभरात तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. जी मुले उरली त्यांना दुसऱ्या कोणत्या कामाचे तोंड कोणी कधी दाखवले होते? त्याच वर्षी जानेवारीत केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढून सांगितले की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासांनी घेऊ नये. सूचना चांगली आहे. सहावीपासून 'फाउंडेशन'ची जाहिरात करणारे फलक मात्र माझ्या शाळेच्या वाटेवर अजून तसेच उभे आहेत.

सरकारने यावर उपाय केले नाहीत असे नाही. २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली आणि पुढे काही वर्षे ती होत राहिली. मुलाने प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि त्यावरून त्याचा कल कोणत्या क्षेत्राकडे आहे ते कागदावर छापून यायचे. हेतूविषयी मला शंका नाही. पण ज्या मुलाने सुतार, घड्याळजी, परिचारिका, सर्वेक्षक यांपैकी कोणालाही तासभर काम करताना पाहिलेले नाही, त्याला 'तुला यातले काय आवडेल?' असे विचारणे म्हणजे ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही त्याला बोट लागते का असे विचारणे आहे. आधी दाखवा, मग विचारा. इंग्लंडातल्या एका संस्थेने २०१८ साली वीस देशांतल्या सात ते अकरा वर्षांच्या सुमारे वीस हजार मुलांकडून 'मोठेपणी मी कोण होणार' याची चित्रे काढून घेतली होती. त्या कामाची माहिती शाळेत आलेल्या कोणा माणसाकडून मिळाली, असे सांगणारी मुले शेकडा एकाहूनही कमी निघाली. म्हणजे हा रोग एकट्या आपल्या तालुक्याचा नाही.

आता औषध कोठे आहे ते सांगतो. ते शाळेच्या कार्यालयात, कारकुनाच्या मागच्या कपाटात आहे. प्रत्येक मुलाच्या प्रवेशअर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा रकाना असतो. गेल्या वर्षी मी सातवीच्या ४२ मुलांचे अर्ज काढून तो रकाना वाचला. शेती १७, मजुरी १३, नोकरी ७, व्यवसाय ५. आईच्या नावापुढे, जिथे काही लिहिले होते तिथे, सरसकट 'गृहिणी'. चार-पाच शब्दांत अख्ख्या वर्गाच्या घरांची वासलात! मग मी मुलांना घरी तीन प्रश्न विचारून यायला सांगितले. या आठवड्यात तुम्ही नेमके काय काय केलेत? हे तुम्हाला कोणी शिकवले? आणि चुकले तर काय बिघडते?

तिसऱ्या प्रश्नाने कमाल केली. माझी शाळा सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात आहे. तेरा 'मजुरां'तला एक जण सेंटरिंगचे काम करणारा निघाला. त्याने सांगितले की स्लॅबखालचे टेकू दोन दिवस आधी काढले तर स्लॅब पोट सोडतो, आणि मालक घाई करतो तेव्हा त्याच्याशी भांडावे लागते. दुसरा द्राक्षबागांतून छाटणीच्या टोळीबरोबर फिरणारा. ऑक्टोबरच्या छाटणीत काडीवरचा कितवा डोळा राखायचा हे चुकले तर वेलीला पाने येतात, घड येत नाही, आणि मालकाचे वर्ष जाते. तिसरा बोअरच्या गाडीवर. वर येणाऱ्या भुकटीचा रंग पाहून तो खाली खडक कोणता लागला ते ओळखतो. 'नोकरी'त एक वायरमन होता. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: "लाइन बंद केली म्हणून भागत न्हाय, अर्थिंग करून मगच हात लावायचा, चुकलं तर बिघडायला मी उरत न्हाय." 'गृहिणी' म्हणून लिहिलेल्यांपैकी एक यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरते, दोघी ब्लाउज शिवतात, एक बचत गटाचे हिशेब ठेवते, आणि एकीने मुकादमाकडून उचल घेऊन सलग सहा हंगाम ऊस तोडला आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, दोघांची मजुरी टनावर एकत्र मोजतात आणि उचल मात्र नवऱ्याच्या हातात देतात, हे तिने मुलाला समजावून सांगितले होते. करार म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने त्या मुलाला इतके स्पष्ट कधी सांगितले नसते.

कादंबऱ्या लिहिणारा म्हणून येथे मला थोडे ओशाळायला होते. आमच्या कादंबऱ्यांतले नायक प्रेम करतात, झुरतात, आत्मशोध घेतात आणि सकाळी 'कामावर जातात'. तेथे ते काय करतात हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. प्रवेशअर्ज लिहिणारा कारकून आणि मराठी कादंबरीकार यांच्यात फारसा फरक नाही. असो.

आमच्या भागाचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतली हजारो माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफ पेठेच्या बोळात सोने-चांदी गाळून शुद्ध करणारा माणूस मराठी बोलताना आढळला तर तो बहुधा आमच्याकडचा. अशुद्ध सोन्यात तो आधी मुद्दाम चांदी मिसळतो, ते वितळवून पाण्यात ओततो, आणि पडलेली गुंडी नायट्रिक आम्लात, त्याच्या भाषेत तेजाबात, उकळतो. चांदी विरघळून जाते, सोने तळाशी तांबूस भुकटी होऊन उरते. मग त्या तेजाबात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की विरघळलेली चांदी पुन्हा खाली बसते. आता दहावीचे विज्ञानाचे पुस्तक उघडून पाहावे: धातूंची क्रियाशीलता श्रेणी, अधिक क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला क्षारातून बाहेर काढतो, वगैरे. मुले ते घोकतात. ज्याचा बाप हीच क्रिया रोज करून घर चालवतो ते मूलही घोकते, आणि त्याच्या शेजारचे मूल 'क्लास'ला जाऊन घोकते. बापाचे ज्ञान आणि पुस्तकाचे ज्ञान यांची भेट घालून देणारा दुवा आम्ही मास्तरांनी व्हायचे. पण तसे न होता आम्ही दोघांच्या मध्ये भिंत होऊन बसलो आहोत. त्या उकळीतून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसात जातो हेही मुलांना सांगितले पाहिजे. धंदा दाखवायचा तर त्याचा खोकलाही दाखवावा. नुसती झळाळी दाखवायला जाहिरातवाले आहेत.

हे ऐकून कोणी म्हणेल, ठीक आहे, मग गलाईवाल्याच्या मुलाला गलाई दाखवा, बागाइतदाराच्या मुलाला बाग दाखवा. घरचा धंदा आहे, सोपेही पडेल. येथेच माझा विरोध सुरू होतो आणि तो कडक आहे.

हा प्रयोग या देशात एकदा होऊन गेला आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी निम्मा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात घरी आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती कल्पना. बोलायला किती गोंडस! पण परिटाच्या मुलाने घरी काय शिकावे आणि वकिलाच्या मुलाने काय, हे सांगायला कोणी पंडित नको होता. पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी तिला 'कुलशिक्षण' असे नाव ठेवून रान उठवले. १९५४ साली राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि मागून आलेल्या कामराजांनी योजना गुंडाळली. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. घरचा धंदा मुलाला शाळेच्या शिक्क्यानिशी शिकवणे म्हणजे त्या वाटणीवर सरकारी मोहोर उठवणे होय.

बरे, हा धोका जुना झाला असेही नाही. बालकामगारांविषयीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येणार नाही असे तीत आहे, आणि ते योग्यच आहे. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलाने कुटुंबाच्या धोका नसलेल्या धंद्यात मदत करायला तीच दुरुस्ती मोकळीक देते. म्हणजे बापाच्या दुकानाचे दार उघडे. शाळेने दार उघडायचे तर ते शेजारच्या दुकानाचे उघडावे, आणि तेही राबायला नव्हे. पाहायला, विचारायला आणि वहीत लिहून आणायला.

माझ्या वर्गातली एक मुलगी बँकेतल्या कारकुनाची. तिला मी दोन शनिवार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पाठवले. दुकान वर्गातल्याच एका मुलाच्या बापाचे. आमच्याकडे बोअर खोल, वीज लहरी, म्हणून पाणबुडी मोटारी जळत असतात आणि या माणसाला दम नसतो. पहिल्या शनिवारी तिने जळके वेढे उपसताना पाहिले, काळे हात करून घेतले आणि कंटाळून आली. दुसऱ्या शनिवारी तिने त्याची तेलकट वही पाहिली. कोणत्या मोटारीला किती गेजची तार, एका खाचेत किती वेढे, याचे वीस वर्षांचे टिपण होते. "मामा, खाचा चोवीसच का?" तिने विचारले. त्याने मोजून दाखवले: फेज तीन, प्रत्येकीच्या वाट्याला आठ. "आन् चुकून एका फेजला सात घातल्या तर?" तो हसला आणि म्हणाला, "मग मोटार फिरायची न्हाय, रडायची." सोमवारी तिने वर्गात फळ्यावर वर्तुळ काढून चोवीस खाचा तीन रंगांत रंगवल्या. दुकानदाराचा मुलगा दुसऱ्या बाकावर बसला होता. आपल्या घरच्या धंद्यात भूमिती आहे हे त्याला बँकेतल्या कारकुनाच्या मुलीकडून कळले. ती पुढे काय होणार मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. तेराव्या वर्षी निवड करायची नसते, निवडायला जिन्नस जमवायचे असतात.

जुन्या योजनांचा अनुभव पाहता माझ्या म्हणण्याचे काय होईल याचा मला अंदाज आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून आणि झाकीर हुसेन समितीकडून नयी तालीम निघाली. शाळांपर्यंत पोचली तेव्हा तिची टकळी झाली होती. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभव सुचवला; त्याची शुभेच्छापत्रे झाली, तीही आयांनी रात्री जागून केलेली. (२०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा निम्मा कार्यानुभव आपोआप निकालात निघाला.) याला अपवाद आहेत. डॉ. श्रीनाथ कलबागांनी मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तेथे आठवी ते दहावीची मुले गावाला लागणारी कामे करत शिकू लागली. पण असे पाबळ किती? आता २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना द्यायचे आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे पाठवायचे असे म्हटले आहे. २०२४ साली त्याच्या सूचनाही निघाल्या. धोरणाचे मी स्वागत करतो. फक्त विचारतो की कुंभाराकडे कोणाचे मूल जाणार? हे ठरवताना शाळेने डोळे मिटले तर कुंभाराचेच जाईल, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात डॉक्टरांचेच.

पालकांच्या हरकती मी ऐकल्या आहेत. त्यांतल्या दोन सांगतो, कारण वरवर त्या सारख्या वाटतात. एक बागाइतदार तणतणत आले: "सर, न्हाव्याच्या दुकानात बसून माझा पोरगा काय शिकणार?" मी म्हटले, "दादा, बागेतला नफा-तोटा तुम्ही बायकोला सांगत नाही आणि त्याच्या खुर्चीत बसून सगळा सांगता. माणसाला बोलते कसे करावे एवढे शिकला तरी पुष्कळ." ते हसले नाहीत, पण मुलगा गेला. या हरकतीशी भांडायला मला मौज वाटते.

दुसरे नगरपालिकेत सफाईवर आहेत. ते एकटे आले, शाळा सुटल्यावर, आणि दाराशीच उभे राहिले. "सर, माझ्या पोराला कुठंबी पाठवा. पण माझ्याकडं कुणाची पोरं आणू नका. माझा बाप ह्येच करायचा. पोरं बघतील आन् उद्या माझ्या पोराला त्याच नावानं हाका मारतील." यांच्याशी मी भांडलो नाही. सर्व कामे सारखीच प्रतिष्ठेची असतात असे आम्ही भिंतींवर लिहितो, पण पगारपत्रक तसे म्हणत नाही आणि गावही तसे वागत नाही. मुलांनाही हे सरळ सांगावे: या कामाचे इतके मिळतात, या कामाचे इतके, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडून करवून घेतले गेले तेही. त्या गृहस्थांचा मुलगा रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दोन शनिवार बसला. त्यांच्या कामावर मी कोणालाही नेले नाही, आणि ते स्वतः म्हणत नाहीत तोवर नेणार नाही. ज्या कामाने कूळ ओळखले गेले त्या कामावर त्या कुळाच्या मुलाला शाळेने पाठवू नये, आणि त्या कामाचे प्रदर्शन मांडून कोणाचा बापही उघडा करू नये. एवढे पथ्य न पाळणाऱ्या शाळेने माझी कल्पना हाती न घेतलेली बरी.

अभ्यासक्रम मागे पडतो ही हरकत मास्तरांची असते. वर्षात चार शनिवारांनी जो अभ्यासक्रम मागे पडतो तो आधीपासूनच मागे असतो.

एक हरकत मात्र खरी आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. सेंटरिंगवाला, छाटणीवाला, कांड्या भरणारी बाई यांना मुलांसमोर उभे राहायला वेळ काढावा लागतो, आणि त्यांचा वेळ म्हणजे रोजगार. माझ्या शाळेत कांड्यांविषयी सांगायला आलेल्या बाईंचा अर्धा दिवस बुडाला. त्यांनी तसे बोलून दाखवले नाही, त्यांच्या मुलीने दाखवले. क्लासच्या पाहुण्यांना आम्ही शाल, श्रीफळ आणि जाण्यायेण्याचा खर्च देतो, तो शाळेच्या खात्यातून जातो आणि त्याची पावती मिळते. त्याच खात्यातून, तशाच पावतीवर, या बाईंना अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी, असा अर्ज मी शाळा समितीकडे केला आहे. समितीने विचारले, ही रक्कम कोणत्या सदराखाली घालायची? मी लिहून दिले: 'पाहुण्यांचे मानधन'. दिवाळीच्या सुट्टीनंतर बैठक आहे.